मा. गृहमंत्र्यांना खुलं पत्र : बराकीच्या छताला रंग नको, दुरुस्ती हवी

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : ठाणे व नवी मुंबईत बंदोबस्ताला येणाऱ्या पोलीस व राज्य राखीव दलाच्या जवानांची राहण्याची आणि जेवणाची दुरवस्था

महोदय,

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात ठाणे जिल्ह्यातल्या एका पोलीस बराकीत पहाटे छताचा हातभर रुंद पोपडा सुटला आणि खाली झोपलेल्या शिपायाच्या खांद्यावर पडला. रात्रपाळी करून आलेला तरुण पोरगा. टाके पडले, हात गळ्यात आला. या छताची दुरुस्ती पावसाळ्याआधी होईल, असं आश्वासन उन्हाळ्यात मिळालं होतं. कागदावर ती झालीसुद्धा. मे महिन्याच्या अखेरीस मजूर आले, भेगांत पुट्टी भरली, वरून पांढरा रंग मारला आणि गेले.

आम्ही निवृत्त पोलीस कर्मचारी आहोत. आमच्यातल्या काहींनी कंपनीची, म्हणजे पोलीस तुकडीची, मेस सांभाळली आहे, काहींनी स्टोअर, काहींनी इमारतींच्या दुरुस्तीची कागदपत्रं. म्हणून हे पत्र नुसत्या हळहळीचं नाही. काय बिघडतं आणि का बिघडतं, ते सांगायचं आहे.

आधी छत. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत जुन्या स्लॅबमधली सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. त्या फुगण्याने सळईखालचं इंचभर काँक्रीट आतून सुटतं. बाहेर आधी केसासारखी भेग दिसते, मग तपकिरी डाग, मग फुगवटा. फुगवट्यावर हातोडीने ठोकलं की भद्द आवाज येतो. हा आवाज ऐकूनही जो त्यावर पुट्टी फिरवतो, तो खालच्या माणसाचा जीव टांगणीला लावतो, कारण आता भेग दिसतही नाही आणि पोपड्याचं वजन मात्र वाढलेलं असतं.

खरी दुरुस्ती अशी असते. आधी गच्चीची गळती थांबवायची. ती न थांबवता खालून केलेलं सगळं काम दोन पावसाळ्यांत वाया जातं. मग अख्खं छत ठोकून पोकळ जागा खडूने आखायच्या. सैल काँक्रीट फोडायचं, नुसतं सळईपर्यंत नाही, तर सळईच्या मागे बोट जाईल एवढं. सळई तारेच्या ब्रशने चकचकीत घासायची. ती फार झिजली असेल तर शेजारी नवी सळई जोडायची. त्यावर गंजरोधक लेप, मग जुनं-नवं सांधणारा लेप, मग पॉलिमर मॉर्टर थराथराने, आणि त्यानंतर क्युरिंग, म्हणजे नवा थर काही दिवस ओला ठेवणं. हे काम नोव्हेंबर ते मार्च या काळात होतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात होत नाही. निविदा मार्चअखेरीला निधी संपवण्यासाठी काढायची आणि काम पावसाच्या तोंडावर सुरू करायचं, ही पद्धत जोवर आहे तोवर पोपडे पडतच राहणार.

ही झाली कायमच्या बराकीची गोष्ट. बाहेरून बंदोबस्ताला येणाऱ्या कंपन्यांचे हाल याहून वाईट आहेत. सण, निवडणूक, मोर्चा, मोठ्या पाहुण्यांचा दौरा. तुकडी येते आणि तिला शाळा, समाजमंदिर किंवा एखादा बंद पडलेला हॉल दाखवला जातो. २० फूट बाय २४ फुटांची एक वर्गखोली घ्या. क्षेत्रफळ ४८० चौरस फूट. त्यात २५ माणसं, २५ ट्रंका, बुटांचे जोड, ढाली, लाठ्या, हेल्मेटं. माणशी १९ चौरस फूट जागा येते. नुसती एक खाटच १८ चौरस फूट खाते. म्हणून खाटा नसतातच. सतरंजी अंथरून माणसं एकमेकांच्या पायाशी झोपतात.

ठाण्यात मध्यवर्ती कारागृह आहे, तळोज्यात आहे. केंद्राच्या २०१६ च्या मॉडेल प्रिझन मॅन्युअलमध्ये झोपण्याच्या बराकीत दर कैद्यामागे ३.७१ चौरस मीटर, म्हणजे जवळपास ४० चौरस फूट जागा सांगितली आहे. माणशी हवा १५.८३ घनमीटर. दहा कैद्यांमागे एक शौचालय. त्या हिशेबाने वर सांगितलेल्या वर्गखोलीत १२ कैदी मावतात. तुरुंग प्रत्यक्षात भरून वाहतात हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे, आणि कैद्याला माणसासारखी जागा मिळाली पाहिजे याबद्दल आमचं दुमत नाही. पण तिथे आकडा लिहिलेला आहे. तो आकडा धरून कोर्टात जाता येतं. बंदोबस्ताच्या आदेशात मनुष्यबळ लिहितात, वाहनं लिहितात, दारूगोळा लिहितात. तसं माणशी किती चौरस फूट आणि किती माणसांमागे एक शौचालय हेही त्याच आदेशात लिहा. महोदय, हीच आमची पहिली मागणी. जागा मोजून मिळत नसेल, तर तुकडी पाठवण्याआधी दुसरी जागा शोधा.

पाण्याचंही तसंच. राहत्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी हे शहरी पाणीपुरवठ्याचं नेहमीचं माप आहे. शंभर जणांच्या तुकडीला १३,५०० लिटर लागतात. येतो १०,००० लिटरचा एक टँकर, तोही सकाळी नऊला, जेव्हा निम्मी तुकडी पॉइंटवर, म्हणजे नेमून दिलेल्या पहाऱ्याच्या जागी, गेलेली असते. टँकरचं पाणी जिथे भरलं जातं ती टाकी कधी धुतली, हे कुणालाच सांगता येत नाही. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, थोड्या पाण्यात कालवून, गाळ बसू देऊन, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं आणि अर्धा तास थांबायचं. मग नळाच्या पाण्यात उरलेला क्लोरीन तपासायचा, लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर पाणी पिण्याजोगं नाही. काही रुपयांचं काम आहे. पण कुणाच्या नावावर नेमून दिलेलं नसेल तर होत नाही. मग एकाच वेळी वीस जणांना जुलाब होतात आणि 'बाहेरचं खाल्लं असेल' अशी नोंद पडते.

मच्छरदाणी जवानाकडे असते, ती बांधायला जागा नसते. समोरासमोरच्या भिंतींत साडेपाच-सहा फुटांवर हुक ठोकून जाड तार ओढली, की एका खोलीतल्या सगळ्या मच्छरदाण्या टांगता येतात. ढेकणांवर एकदा फवारणी करून भागत नाही. अंडी त्यातून वाचतात, म्हणून दहा ते चौदा दिवसांनी दुसरा हात मारावाच लागतो. ठेका मात्र एकाच फवारणीचा निघतो. पावसाळ्यात भिजलेले गणवेश झोपायच्या खोलीतच वाळत घालावे लागतात, दमटपणा वाढतो, आणि जांघेत, बोटांच्या बेचक्यांत गजकर्ण होतं. ओला बूट घालून बारा तास उभ्या राहिलेल्या माणसाचे पाय एकदा बघा. एक रिकामी खोली, दोऱ्या आणि दोन एक्झॉस्ट पंखे, एवढ्याने हे टळतं. महिला पोलिसांसाठी तर कडी लागणारा दरवाजा, दिवा असलेलं शौचालय आणि कचऱ्याची झाकणाची बादली एवढंही मागून घ्यावं लागतं. ही राज्याला लाज आणणारी गोष्ट आहे.

आता जेवण. डाळ पातळ का होते, याचं उत्तर चोरीत शोधायची सवय सगळ्यांना आहे. चोरी जिथे असेल तिथे पकडाच. पण बहुतेक वेळा कारण गणतीत असतं. मेसला रात्री सांगतात ८० माणसं. सकाळी दुसऱ्या जिल्ह्यातली तुकडी जोडली जाते आणि पानावर येतात ११०. माणशी ६५ ग्रॅम डाळ धरली तर ८० जणांना ५ किलो २०० ग्रॅम शिजत घातलेली असते. तीच ११० जणांत वाटायची म्हणजे माणशी ४७ ग्रॅम. मेस कमांडर काय करणार? टोपात पाणी ओततो, तिखट-मीठ वाढवतो, वरून फोडणी देतो. चव लागते, पोट भरत नाही. उपाय सोपा आहे. आदल्या रात्री आठपर्यंत दुसऱ्या दिवशीची पक्की गणती मेसला लेखी द्यायची, दहा टक्के कोरडा शिधा जास्तीचा ठेवायचा, आणि ऐनवेळी जोडलेल्या तुकडीचा शिधा तिच्याबरोबरच आला पाहिजे.

चपाती कच्ची आणि करपलेली एकाच वेळी का असते? शंभर माणसांना माणशी पाच म्हणजे ५०० चपात्या, कणीक अंदाजे १५ किलो. एक लाटणारा, एक भाजणारा, मिनिटाला दोन निघाल्या तरी चार तासांच्या वर जातात. जेवण एकला असेल तर लाटायला नऊच्या आधी बसावं लागतं. घाईत गॅस मोठा करतात. पातळ पत्र्याचा तवा मध्ये फुगतो, मधोमध चपाती जळते, कडा कच्च्या राहतात. भाजलेल्या चपात्या गरमच एकावर एक रचून झाकल्या की वाफेने खालच्या ओल्या होतात आणि वरच्या वातड. आठ-दहा मिलिमीटर जाडीचा बिडाचा तवा, दोन शेगड्या, चार हात, आणि जाळीवर दोन मिनिटं निववून मग सुती फडक्यात बांधायची शिस्त. एवढं दिलं तर तोच आचारी त्याच पिठाची चांगली चपाती करून दाखवेल. त्याला शिव्या देण्याआधी त्याचा तवा बदला.

सगळ्यात धोक्याचं आहे ते पॉइंटवर जाणारं पाकीट. भात दहाला शिजतो, अकराला प्लास्टिकच्या पिशवीत गरमागरम बांधतात, गाडी निघते. घोडबंदर रोडला कापूरबावडी ते गायमुख हा पट्टा ओलांडायला किती वेळ लागेल हे कुणी सांगू शकत नाही. शेवटच्या पॉइंटवर पाकीट पोचतं तेव्हा अडीच-तीन वाजलेले असतात. भातातले काही जंतू शिजवूनही बीजरूपात टिकतात आणि कोमट भातात वाढून विष सोडतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून शिजलेलं अन्न एकतर ६० अंशांच्या वर गरम राहिलं पाहिजे, नाहीतर दोन तासांत खाल्लं गेलं पाहिजे. झाकण घट्ट बसणारे इन्सुलेटेड डबे, पाकिटावर शिजवल्याची वेळ, आणि लांबच्या पॉइंटसाठी भाताऐवजी चपाती, सुकी भाजी, चटणी, गूळ-शेंगदाणे. तळणाच्या तेलालाही अन्नसुरक्षेच्या नियमांत मर्यादा आहे. १ जुलै २०१८ पासून तेलातले टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे घातक घटक, २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरता येत नाही. हॉटेलला हा नियम लागू होतो. बंदोबस्ताची पुरी ज्या काळ्या तेलात तळली जाते, ते तेल तपासायला कोण येतं?

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमात उन्हाने माणसं दगावली. अशाच उन्हात बंदोबस्ताची माणसं गर्दीच्या आधी येऊन गर्दीनंतर जातात, अंगावर जाड गणवेश, हातात अर्धा लिटरची बाटली. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. पाहुण्यांची ये-जा वाढणार, बंदोबस्त वाढणार. राहायची जागा मात्र तीच शाळा आणि तोच हॉल.

महोदय, ही माणसं स्वतः का बोलत नाहीत? कारण बोलू दिलं जात नाही. १९६६ च्या कायद्याने पोलिसांना परवानगीशिवाय संघटना करता येत नाही, वर्तमानपत्राशी बोलता येत नाही. मुंबईत ऑगस्ट १९८२ मध्ये पोलीस रस्त्यावर उतरले, त्यांची संघटना मोडली गेली. त्यांच्या चाळींचे आणि ड्युटीचे प्रश्न तसेच राहिले. जानेवारी २०१७ मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानाने पातळ डाळ आणि करपलेली रोटी मोबाइलवर दाखवली, त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो बडतर्फ झाला. तोंड बंद ठेवायचा कायदा सरकारने केला, तर त्या तोंडात नीट घास जातो की नाही हे बघायची जबाबदारीही सरकारचीच आहे. आणि इथे तर इमारत एका खात्याची, दुरुस्ती दुसऱ्याची, पैसा तिसऱ्याच्या सहीचा, पाणी चौथ्याचं. पोपडा पडला की चौघेही एकमेकांना पत्र लिहितात. महाराष्ट्रात १९७४ पासून पोलिसांच्या घरांसाठी वेगळं महामंडळ आहे. बंदोबस्ताच्या तात्पुरत्या निवाऱ्यासाठी एक जबाबदार अधिकारी, नावानिशी, फोन नंबरासह, प्रत्येक आयुक्तालयात नेमायला काय अडचण आहे?

ठाणे किंवा नवी मुंबईत एक कायमचा बंदोबस्त निवारा बांधा. दोनशे माणसांचा, दहा माणसांमागे एक शौचालय, वाळवणीची खोली, स्वतःची मेस. वर्षातले बहुतेक महिने तो भरलेला राहील, शाळा मोकळ्या राहतील. तो होईपर्यंत, ज्या बराकीत गेल्या आठवड्यात पोपडा पडला तिथल्या सगळ्या खाटा आजच्या आज छताच्या फुगलेल्या भागाखालून हलवा, बांबूचे टेकू लावा. आणि पुढच्या खेपेला काम पूर्ण झाल्याचा दाखला देण्याआधी सही करणाऱ्या अभियंत्याने हातात हातोडी घेऊन अख्खं छत ठोकावं, जिथे भद्द वाजेल तिथे खडूने फुली मारावी आणि त्याचा फोटो बिलाला जोडावा. फोटो नसेल तर बिल मंजूर करू नका.

आपले,
निवृत्त पोलीस कर्मचारी,
ठाणे व नवी मुंबई