मुलांना पिझ्झाचं पीठ मळायला शिकवायचंय, हातभार लावा

सप्रेम नमस्कार.

इंदूरमधलं आपलं महिला मंडळ येत्या मे महिन्याच्या सुट्टीत पाचवी ते आठवीच्या मुलामुलींसाठी विनामूल्य वर्ग घेत आहे. विषय एकच : पिझ्झाचं पीठ घरी, पहिल्यापासून तयार करणं. तयार बेस आणून त्यावर चीज पसरायला शिकवण्यात आम्हाला रस नाही. मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढ्यावरच सुरुवात होईल.

पिझ्झाच का, असं बैठकीत काहींनी विचारलं. मुलांना तो मनापासून आवडतो आणि त्याच्या पिठात शिकण्यासारखं खूप आहे, म्हणून. मैद्यात पाणी पडलं की त्यातली प्रथिनं जुळून ग्लुटेनची जाळी तयार होते. यीस्ट पिठातली साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतं, तो या जाळीत अडकतो आणि पीठ फुगतं. किण्वनाचा धडा पोरं पाठ करतात. इथे तो त्यांच्या तळहाताखाली घडेल. आणि आपल्या घरांत हे ज्ञान आहेच. पुरणपोळीची कणीक तेलपाण्याचा हात लावून तासभर तिंबणाऱ्या आजीला ताणलं तरी न तुटणारं पीठ कसं लागतं ते बोटांनी कळतं. म्हणून रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर इथल्या आज्यांना आमची खास विनंती आहे : दुपारचे दोन तास द्या, प्रत्येक गटाजवळ एक जाणता हात असू द्या. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला २०१७ साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारसा मानलं. तीही अशीच, शेजारी उभं राहून शिकलेली कला आहे.

मे महिन्यातल्या इंदूरच्या उन्हात मात्र यीस्ट फार घाई करतं. पीठ पाहता पाहता दुप्पट होतं, लक्ष नसलं तर आंबून खाली बसतं. त्यामुळे आम्ही गार पाणी घेऊ, यीस्ट कमी घालू आणि पीठ रात्रभर फ्रिजमध्ये ठेवू. सावकाश आंबलेल्या पिठाला चवही चांगली येते. पण तेवढं पीठ मावेल असा फ्रिज मंडळाकडे नाही. कुणाकडे वापरात नसलेला, चालू स्थितीतला फ्रिज असेल तर महिनाभरासाठी द्यावा, ही आमची सगळ्यात मोठी गरज आहे.

पाच मुलांच्या एका गटाला ७५० ग्रॅम मैदा, ४७५ मिली पाणी, १५ ग्रॅम मीठ आणि साधारण ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट लागतं. असे सहा गट आहेत, म्हणजे एका वर्गाला साडेचार किलो मैदा. चार वर्ग आणि लाटताना भुरभुरायला लागणारा मैदा धरून २० किलो हवा. पाकिटावर १०० ग्रॅममागे ११ ग्रॅम किंवा अधिक प्रथिनं लिहिलेली असतील असा घेतलात तर उत्तम. अंदाजपंचे माप मुलांना शिकवायचं नाही, म्हणून एक ग्रॅमपर्यंत मोजणारे सहा डिजिटल काटे हवेत. उसने दिलेत तरी चालतील. शिवाय मोठ्या पराती, झाकणाचे डबे, टोमॅटो, चीज आणि २५० अंशांपर्यंत तापणारे दोन ओटीजी. ओव्हनजवळ फक्त मोठी माणसं असतील. गव्हाची किंवा दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलांच्या पालकांनी नाव देतानाच सांगावं.

ज्यांना वस्तू देणं जमत नाही त्यांनी यथाशक्ती रक्कम द्यावी. कितीही लहान रकमेची पावती मिळेल आणि वर्ग संपल्यावर जमाखर्च मंडळाच्या फलकावर लावू. आमच्या आसपास अशी बरीच मुलं आहेत ज्यांच्या घरी ओव्हन नाही. त्यांना आम्ही जाड तव्यावर झाकण ठेवून पिझ्झा भाजायलाही शिकवणार आहोत, तेव्हा बिडाचे तवे असतील तर तेही हवेत.

वस्तू, रक्कम आणि आज्यांची नावं मंडळाच्या कार्यालयात रोज संध्याकाळी ६ ते ८ या वेळेत स्वीकारली जातील. भांड्यांवर आपलं नाव रंगाने घालून द्यावं, म्हणजे परत करताना गोंधळ होणार नाही. यीस्टच्या पुडीवरची मुदत तेवढी पाहून आणा.