सीरमचा लॉट पारखायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

उंदराच्या भ्रूणीय मूलपेशींसाठी गर्भस्थ वासराचं सीरम, म्हणजे आपलं एफबीएस, कसं पारखावं याची टिपणं तुम्ही आम्हाला दिलीत. सोबत तुमच्या वापरातल्या, खात्रीच्या लॉटची (एकाच वेळी तयार झालेल्या सीरमच्या खेपेची) एक बाटलीही ड्राय आइसमध्ये पाठवलीत. त्याबद्दल मनापासून आभार. टिपणांपेक्षाही ती बाटली मोलाची ठरली. तुलनेला चांगलं सीरम हाताशी नसेल तर नव्या लॉटबद्दल काहीच ठामपणे बोलता येत नाही. हे आभार जाहीरपणे मांडतोय, कारण तुमची पद्धत नव्याने कल्चर सुरू करणाऱ्या मुलामुलींपर्यंत पोचायला हवी.

कंपनीचं प्रमाणपत्र कसं वाचायचं ते तुम्ही नेमकं सांगितलंत. एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या कवचातलं विष) कमी हवं. हिमोग्लोबिन २५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत हवं, कारण ते वाढलेलं असलं तर रक्त गोळा करताना तांबड्या पेशी फुटल्या असं समजायचं. मायकोप्लाझ्मा (कल्चर बिघडवणारे अतिसूक्ष्म जिवाणू) आणि गुरांना अतिसार करणाऱ्या बीव्हीडी विषाणूची तपासणी झालेली हवी. ०.१ मायक्रॉनच्या गाळणीतून विषाणू निघून जातात, असं मात्र धरून चालायचं नाही. हे सगळं ठीक असलं तरी मूलपेशी त्या सीरममध्ये मूलपेशीच राहतील की नाही, हे कागदावर कळत नाही. ते पेशींनाच विचारावं लागतं.

आणि विचारायचं ते विरळ पेरणीत. तुमच्या टिपणांतली आम्हाला सर्वांत भावलेली गोष्ट हीच. दाट पेरणीत पेशी एकमेकींना सांभाळून घेतात आणि बेताचा लॉटही उत्तम भासतो. फीडर थर (मूलपेशींखाली आधाराला पसरलेल्या दुसऱ्या पेशी) असला तर तोही स्वतः एलआयएफ, म्हणजे मूलपेशींना मूलपेशीच ठेवणारं प्रथिन, सोडतो आणि सीरमचा दोष झाकला जातो. म्हणून फीडर नको. ०.१ टक्के जिलेटिन लावलेल्या सहा घरांच्या प्लेटमध्ये प्रत्येक घरात साधारण १,००० पेशी, एलआयएफ १,००० युनिट प्रति मिलिलिटर, आणि मीडियात (पेशींच्या पोषक द्रवात) प्रत्येक लॉट १०, १५ व ३० टक्के अशा तीन प्रमाणांत. शेजारी तुमचा जुना लॉट त्याच प्रमाणांत. सहा-सात दिवसांनी अल्कलाइन फॉस्फेटेज या मूलपेशींत भरपूर असणाऱ्या एन्झाइमचा रंग देऊन वसाहती मोजायच्या. पूर्ण रंगलेल्या, अर्धवट रंगलेल्या आणि कोऱ्या अशा तिन्ही वेगळ्या नोंदवायच्या. निव्वळ एकूण आकडा फसवतो.

चांगल्या लॉटमधली वसाहत घुमटासारखी फुगीर दिसते. तिची कड चकचकीत असते आणि आतली एकेक पेशी वेगळी ओळखू येत नाही. लॉट पेशींना विभेदनाकडे, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनण्याकडे, ढकलत असेल तर कडेच्या पेशी आधी चपट्या होतात, तळाला पसरतात, लांबट हात काढतात आणि रंग घेत नाहीत. मध्यभाग गडद आणि भोवती फिकट झालर असं चित्र दिसलं की तो लॉट बाद. ३० टक्क्यांवर वसाहती एकदम कमी झाल्या तर सीरममध्ये पेशींना विषारी काहीतरी आहे. नेहमी १५ टक्केच वापरणार असलो, तरी ही पायरी वगळू नये. एवढ्यातून पार पडलेल्या लॉटवर पेशी पाच पॅसेज (वाढलेल्या पेशी सोडवून नव्या प्लेटमध्ये पुन्हा पेरणं) चालवून पुन्हा रंग द्यायचा, कारण काही लॉट पहिल्या आठवड्यात छान वागतात आणि पुढे ढासळतात. चाचणी पूर्ण होईपर्यंत कंपनीला तो लॉट राखून ठेवायला सांगायचं. १५ टक्क्यांच्या हिशेबाने आठवड्याला एक लिटर मीडियासाठी १५० मिलि सीरम लागतं, म्हणजे वर्षाला ५०० मिलिच्या सोळा बाटल्या. तेवढ्या एकदमच घेणं बरं.

बाटल्या आल्यावरची शिस्तही तुमचीच. सीरम उणे २० वरून थेट ३७ अंशांत टाकायचं नाही. रात्रभर ४ अंशांवर ठेवून, मधूनमधून हलकेच गोल फिरवत वितळवायचं, नाहीतर क्षार आणि प्रथिनं थरांत साचतात. जोरात हलवून फेस आणायचा नाही. ५० मिलिच्या नळीत ४० मिलिच भरायचं, कारण गोठताना ते फुगतं. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीजर सीरमसाठी वर्ज्य, कारण त्याचं तापमान सारखं वर-खाली होतं. पूरक प्रथिनं (रक्तातली, पेशी फोडू शकणारी कॉम्प्लिमेंट प्रथिनं) निकामी करायला ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवायचं असेल तर तेवढंच पाणी भरलेली दुसरी बाटली थर्मामीटरसह शेजारी ठेवायची आणि तिच्यात ५६ दिसल्यावरच घड्याळ लावायचं. दर दहा मिनिटांनी बाटली फिरवायची. उष्णता जास्त झाली तर सीरम घट्ट होतं, आणि वाढीचे घटकही कमजोर होतात. त्यामुळे तापवणं गरजेचं नसेल तर टाळावं, असंच आमचंही मत झालं आहे. तापवलेलं वापरणार असाल तर चाचणीही तापवलेल्याचीच हवी.

कणांबद्दलचं तुमचं स्पष्टीकरण तर भिंतीवर लावण्यासारखं आहे. पांढुरके तुकडे बहुधा फायब्रिनचे असतात. ते गाळू नयेत, गाळणी तुंबते. सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जी वर पाच मिनिटं फिरवून वरचं घ्यावं. सूक्ष्मदर्शकात थरथरणारे बारीक काळे ठिपके कॅल्शियम फॉस्फेटचे असू शकतात आणि जिवाणूंसारखेच दिसतात. शंका आली तर प्रतिजैविक नसलेल्या मीडियात थोडं सीरम मिसळून रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं. सकाळी मीडिया गढूळ आणि पिवळा झाला तर संसर्ग, तसाच स्वच्छ गुलाबी राहिला तर बहुधा नुसता साका.

अस्थिमज्जेतल्या मेसेन्कायमल (हाड, कूर्चा, चरबी बनवू शकणाऱ्या) पेशींसाठी मात्र हाच निकाल लागू होत नाही, हेही तुम्ही बजावलंत. तिथे १० टक्के सीरमवर विरळ पेरणी करून १४ दिवसांनी क्रिस्टल व्हायोलेटने वसाहती मोजायच्या आणि आपोआप चरबीच्या पेशी होत नाहीत ना, ते ऑइल रेड ओ ने पाहायचं.

तुमच्या बाटलीतलं सीरम छोट्या नळ्यांत भरून उणे ८० वर ठेवलं आहे. ते फक्त तुलनेसाठी वापरतो, रोजच्या मीडियात नाही. आसपासच्या कुठल्याही प्रयोगशाळेला नवा लॉट तपासायचा असेल तर एक नळी द्यायला आम्ही तयार आहोत, तुमची हरकत नसेल तर. एक विनंतीही आहे: टूआय रसायनं (मूलपेशी टिकवणारी दोन रोधक रसायनं) वापरून सीरमशिवाय पेशी वाढवायला तुम्ही सुरुवात केली आहे, त्याची टिपणं झाली की आम्हालाही पाठवा.

आपले नम्र,
पेशीसंवर्धन विभागातील सर्व सहकारी