महागड्या रस्त्यांच्या यादीत रुंदीही छापा

माननीय संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ठाण्यातल्या सर्वांत महाग निवासी रस्त्यांची यादी आली. राम मारुती रोड, गोखले रोड, घंटाळी ही आमच्या नौपाड्यातली नावं पोखरण रोड आणि हिरानंदानी इस्टेटच्या पंगतीला बसलेली पाहून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून अंगठ्यांचा पाऊस पडला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी आपल्या फ्लॅटची किंमत काढून ग्रुपवर टाकलीसुद्धा. त्याच काकांकडे मेंटेनन्सची दोन तिमाह्यांची बाकी आहे, हे सचिव म्हणून मला ठाऊक असतं.

यादी खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. स्टेशनला चालत जाता येतं, शाळा, बाजार, तलावपाळी, गडकरी रंगायतन सगळं हाताशी. भाव चढणारच. पण पोखरणकडे रेमंडसारख्या कारखान्यांच्या मोठमोठ्या जागा मोकळ्या झाल्या, तिथे रुंद रस्ते आणि टॉवर झाले. नौपाड्यात जुने छोटे प्लॉट आणि त्यांवर तीन-चार मजली इमारती. आमची 1970च्या दशकातली. लिफ्ट नाही, गच्ची गळते म्हणून वर पत्रे, जिन्याच्या स्लॅबची सळई दिसते. आणि रस्त्याचं म्हणाल तर, दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर पोरं-पोरी मावत नाहीत तो रस्ता वेगळा. त्याच्या नावावर भाव मिळणाऱ्या आमच्या गल्लीत घंटागाडी शिरली की समोरच्या रिक्षाला रिव्हर्स घ्यावा लागतो.

‘मग रिडेव्हलपमेंटला का जात नाही?’ असं जो तो विचारतो. डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या राज्याच्या एकात्मिक बांधकाम नियमावलीचा साधा हिशेब असा: रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर मूळ एफएसआय 1.1, म्हणजे प्लॉटच्या 1.1 पट बांधकाम, आणि त्यावर ना टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामहक्क), ना प्रीमियमचा एफएसआय (शुल्क भरून मिळणारं जादा बांधकाम). नऊ मीटर भरला की तोच आकडा 2 पर्यंत जातो. जुन्या इमारतींना वेगळ्या सवलती आहेत, पण बिल्डरचं गणित जुळतं ते टीडीआर आणि प्रीमियमवर.

आमच्याकडे एका बिल्डरचा माणूस टेप घेऊन आला होता. टेपचं एक टोक भिंतीला मीच धरलं. आमच्या फाटकासमोर सात मीटर आणि वर थोडं भरलं. पुढे शेजारच्या कंपाउंडचा कोपरा बाहेर येतो, तिथे सव्वासहा. त्याने पुन्हा मोजलं, आकडा मोबाइलमध्ये टाकला आणि चहा नको म्हणून निघाला. आधीच्या बैठकीत तीस टक्के जादा कार्पेट (घरातली वापराची जागा) कबूल करणारे त्याचे साहेब नंतर फोनवर एवढंच म्हणाले, ‘मॅडम, प्लॉट गल्लीतला आहे हो.’

यावर उपाय कायद्यातच आहे. महापालिका अधिनियमाच्या कलम 210 खाली महापालिका रस्तारेषा, म्हणजे रस्त्याची हद्द, ठरवू शकते. सहा मीटरच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर सुटलं की नऊ होतात. कागदावर. प्रत्यक्षात एक इमारत नवी होते, दीड मीटर मागे सरकते, शेजारची जुनी भिंत तशीच पुढे राहते आणि सुटलेल्या जागेत दुसऱ्या दिवसापासून कोणाची तरी गाडी उभी. रस्ता रुंद झाला तो त्या गाडीपुरता.

वर गंमत पाहा. भाव वाढला याचा आनंद करायचा, तर 1 एप्रिल 2025 पासून रेडी रेकनर, म्हणजे मालमत्तेचा सरकारी दर, ठाणे महापालिका हद्दीत सरासरी 7.72 टक्के वाढला. प्रीमियमचा एफएसआय घ्यायचा तर जमिनीच्या याच दराच्या 35 टक्क्यांनी पैसे भरायचे असतात. म्हणजे उद्या आमची गल्ली नऊ मीटरची ठरली, तरी रस्ता जितका महाग तितका प्रीमियम जास्त. तो काही बिल्डर स्वतःच्या खिशातून भरत नाही, आमच्या जादा कार्पेटमधून कापतो. विकून जावं म्हटलं, तर घेणारा आधी विचारतो, ‘बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला कधी जाणार?’ आणि त्यावरच भाव पाडून मागतो. पुरवणीतला दर त्याला दाखवून काही उपयोग होत नाही.

तेव्हा विनंती दोन. पुढच्या वेळी अशी यादी कराल तेव्हा दराशेजारी रस्त्याच्या रुंदीचा एक रकाना ठेवा, आणि मुख्य रोडचा दर आतल्या गल्ल्यांना सरसकट लावू नका. दुसरी महापालिकेला: कोणत्या गल्लीची रस्तारेषा ठरली, कोणती राहिली, कुठे प्रत्यक्षात किती जागा ताब्यात आली, हे नौपाडा-कोपरी प्रभाग समितीच्या कार्यालयात गल्लीवार नकाशासह लावावं. सप्टेंबरअखेरच्या आत आमची वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची आहे. त्याआधी तो नकाशा लागला, तर निदान सभासदांपुढे ठेवता येईल.

– एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची सचिव, नौपाडा, ठाणे (प.)