सुध्या, हे घे पॅक-12 चं पुराण

प्रिय सुध्या,

परवा तू विचारलंस की ओरेगनमधे राहून मला कॉलेजच्या पोरांच्या बेसबॉलचं एवढं वेड कसं लागलं, आणि पॅक-12 मोडली तर मला एवढं वाईट का वाटतंय. फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा लिहूनच पाठवतो. लांबलचक होणारे, चहा घेऊन बस.

इकडे कॉलेजच्या टीम्स कॉन्फरन्समधे वाटलेल्या असतात, म्हणजे साधारण एका भागातल्या युनिव्हर्सिट्यांची एक लीग, वर्षानुवर्षं त्याच टीम्स एकमेकांशी भिडणार. पश्चिम किनाऱ्याची ही कॉन्फरन्स आधी पॅक-8 होती, 1978 ला अ‍ॅरिझोनातल्या दोन युनिव्हर्सिट्या आल्या आणि पॅक-10 झाली, 2011 पासून पॅक-12. फेब्रुवारीत सीझन सुरू होतो, मे संपेपर्यंत कॉन्फरन्सचा निकाल लागतो, मग देशभरातल्या 64 टीम्स आणि त्यातून उरलेल्या आठ नेब्रास्कातल्या ओमाहाला कॉलेज वर्ल्ड सिरीजला. तिथे फायनलआधी दोनदा हरलं की घरी. पॅकमधल्या सात युनिव्हर्सिट्यांकडे मिळून अशी 29 नॅशनल टायटल्स आहेत! काही पॅकमधे यायच्या आधीची आहेत, अ‍ॅरिझोना स्टेटच्या पाचातली चार तशीच, पण तरी आकडा बघ ना. अगदी पहिली वर्ल्ड सिरीज, 1947 ची, तीसुद्धा कॅलने, म्हणजे बर्कलीच्या कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीनेच जिंकली, येलला हरवून, आणि त्या येलच्या टीमचा फर्स्ट बेसमन, म्हणजे पहिल्या बेसवरचा फिल्डर, कोण तर जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश, पुढे प्रेसिडेंट झालेले.

29 मधली 12 एकट्या यूएससीची, म्हणजे लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीची, आणि त्यातली 11 रॉड डेडो या कोचच्या काळातली. माणूस ट्रकच्या धंद्यात कमवायचा आणि कोचिंगचा पगार वर्षाला नावापुरता एक डॉलर घ्यायचा. 1970 ते 1974 सलग पाच वर्षं टायटल. तुला पटकन कळावं म्हणून सांगतो, मुंबईने 1958-59 ते 1972-73 सलग 15 रणजी मारल्या ना, साधारण त्याच दिवसांत इकडे हे चालू होतं, आणि समोरच्या टीमला मॅचआधीच जो धाक बसायचा तो अगदी तसाच. 1973 ची मिनेसोटाविरुद्धची मॅच ऐक. समोर पिचर (आपल्याकडच्या बोलरसारखा) डेव्ह विनफिल्ड, पुढे हॉल ऑफ फेममधे गेलेला, आठ इनिंग्ज त्याने यूएससीला एक हिट, म्हणजे बॅटरला बेस गाठून देणारा फटका, दिली फक्त, 7-0 ने मागे होते हे लोक, आणि शेवटच्या नवव्या इनिंगमधे आठ रन काढून 8-7 ने जिंकले.

पण मला खरा जीव लागला तो उत्तरेकडच्या टीम्समुळे. कॅलिफोर्निया-अ‍ॅरिझोनात फेब्रुवारीत लख्ख ऊन असतं आणि आमच्याकडे नुसता पाऊस, त्यामुळे चांगली पोरं दक्षिणेकडेच जाणार हे ठरलेलं. पॅक-10 मधेसुद्धा बेसबॉलपुरते दोन वेगळे भाग होते, दक्षिणेच्या सहा बड्या टीम्सचा एक गट आणि ओरेगन, वॉशिंग्टनवाले दुसरीकडे. 1999 ला सगळे एकत्र आले आणि मग ओरेगन स्टेटला त्या बड्यांशी दरवर्षी खेळायला मिळायला लागलं. सुरुवातीला मार खाल्ला, पण मार खाऊनच तयार झाले. 2005 ला ओमाहाला पोचले, 1952 नंतर पहिल्यांदा. 2006 ला तिथली पहिलीच मॅच मायामीकडून 11-1 अशी हरले आणि तरीही शेवटी नॉर्थ कॅरोलिनाला हरवून चॅम्पियन!

आणि 2007 तर ऐकच. त्या वर्षी कॉन्फरन्समधे त्यांचा रेकॉर्ड 10-14, म्हणजे जिंकल्या त्यापेक्षा हरल्या जास्त, जेमतेम एंट्री मिळाली, आणि त्याच टीमने परत नॅशनल टायटल घेतलं. उलट 2017 ला कॉन्फरन्समधे 27-3, पूर्ण सीझनमधे 56-6, आणि ओमाहाला लुइझियाना स्टेटकडून (एलएसयू) दोनदा हरून परत. मी लोकांना हे दोन सीझन कायम शेजारी ठेवून सांगतो. ज्या लीगमधे 10-14 वाली टीम देशात पहिली येऊ शकते ती लीग किती तगडी असेल विचार कर, रोजचा शेजारीच तुला घासूनपुसून तयार करतो मग बाहेरच्याची भीती राहत नाही.

2018 ची फायनल, ओरेगन स्टेट आर्कान्साविरुद्ध. बेस्ट ऑफ थ्री, पहिली मॅच हरलेले, दुसरीत नवव्या इनिंगमधे 3-2 ने मागे, दोन आउट. ओरेगन स्टेटच्या ग्रेनियरने मारलेला बॉल उजवीकडे फाउलमधे, म्हणजे रेषेबाहेर, उंच उडाला, साधा कॅच, तो घेतला की आर्कान्सा चॅम्पियन. फर्स्ट बेसमन, सेकंड बेसमन आणि राइट फिल्डर तिघंही धावत आले, तिघंही शेवटच्या पावलाला जरा थबकले आणि बॉल त्यांच्या मधोमध जमिनीवर. पुढे त्याच ग्रेनियरने हिट मारून बरोबरी केली, मग लार्नाकचा होम रन, 5-3. दुसऱ्या दिवशी केव्हिन एबल नावाच्या फर्स्ट इयरच्या पोराने पूर्ण मॅच एकट्याने पिचिंग केलं, समोरच्यांना दोन हिट्स, रन शून्य. पॅकचं ते शेवटचं नॅशनल टायटल.

कॅलचं मात्र सांगायलाच हवं. 2010 ला युनिव्हर्सिटीने पैसे नाहीत म्हणून बेसबॉल बंद करायचं जाहीर केलं, पहिल्यावहिल्या चॅम्पियनची टीम! जुने खेळाडू, पालक, सगळ्यांनी मिळून लाखो डॉलर गोळा केले, 2011 च्या एप्रिलमधे टीम वाचली आणि जूनमधे तीच टीम ओमाहाला खेळत होती. टायटल नाही मिळालं, पण माझ्या हिशोबात ते टायटलच्या बरोबरीचं आहे.

आणि असली कॉन्फरन्स टीव्हीच्या पैशांपायी फुटली रे. तेही मुख्यतः अमेरिकन फुटबॉलच्या पैशांपायी, बेसबॉलच्या पोरांना कोण विचारतंय. दुसऱ्या कॉन्फरन्सेसनी टीम्स वाटून घेतल्या: यूएससी, लॉस एंजेलिसचीच यूसीएलए, ओरेगन, वॉशिंग्टन बिग टेनमधे, अ‍ॅरिझोनावाले बिग 12 मधे, स्टॅनफर्ड आणि कॅल चक्क अटलांटिक कोस्टमधे, पॅसिफिकच्या काठावरच्या युनिव्हर्सिट्या! यूसीएलएची लीग आता पार न्यू जर्सीपर्यंत पसरलीये, पोरांनी अभ्यास कधी करायचा. 2024 ला स्कॉट्सडेलमधे पॅकची शेवटची टूर्नामेंट झाली, अ‍ॅरिझोनाने यूएससीला 4-3 ने हरवलं, शेवटच्या इनिंगमधे निकाल.

2025 ला ओरेगन स्टेट कुठल्याच कॉन्फरन्समधे नव्हती, मिळेल त्याच्याशी मॅचेस ठरवत, अर्धा सीझन बॅगा भरून फिरत खेळली, आणि तरी ओमाहाला पोचली. त्या वर्षीच्या आठातल्या तीन टीम्स आपल्या जुन्या पॅकच्या, ओरेगन स्टेट, अ‍ॅरिझोना, यूसीएलए. मला इतका आनंद झाला आणि लगेच तितकंच वाईट वाटलं, कारण आता या तिघी वर्षभर एकमेकींशी भांडून तयार होणार नाहीत, योगायोगाने गाठ पडली तरच. खेळाडू चांगलेच राहतील, पण स्टॅनफर्ड ओरेगन स्टेटच्या कोरव्हॅलिसला आली की गावात जी हवा असायची ती कुठल्या टीव्ही कराराने परत येणारे, सांग.

तू पुढच्या वर्षी येतोयस ना, तर एप्रिलमधेच ये, कोरव्हॅलिसला शनिवारची मॅच धरू. जाड जॅकेट आण, आणि वहिनींना सांग मॅच तीन तास चालते, म्हणजे टेस्टपेक्षा खूपच लवकर संपते.

तुझा,
अभ्या