स्कॅनरच्या खोक्यावर फोकसची खोली छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

घरातले जुने कागद आणि फोटो डिजिटल करण्याविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख कळकळीने लिहिलेला आहे. पण डीपीआय (म्हणजे दर इंचात टिपले जाणारे ठिपके) जितका जास्त तितका स्कॅनर चांगला, असा जो त्यातला सूर आहे, तो सुट्या कागदापुरताही पुरता खरा नाही, आणि प्लास्टिकच्या केसमध्ये सीलबंद केलेल्या कॉमिकच्या बाबतीत तर तो माणसाला सरळ चुकीच्या दुकानी नेतो. माझ्या बाबतीत तेच झालं, म्हणून हे पत्र.

माझा थोरला भाऊ अमेरिकन कॉमिक जमवायचा. तो गेल्यावर त्याचे ३१ अंक माझ्याकडे आले. सगळे ‘स्लॅब’मध्ये, म्हणजे तपासून, दहापैकी ग्रेड देऊन, कडक पारदर्शक केसमध्ये कायमचे बंद केलेले. सीजीसी ही कंपनी २००० सालापासून हे काम करते आहे. पुढे इतरही आल्या. केस उघडली की वरच्या लेबलावरची ग्रेड संपली. त्यामुळे अंक बाहेर काढून स्कॅन करावा हा पर्यायच नसतो. विम्यासाठी, भावंडांत वाटणी करताना, आणि उद्या एखादा अंक चोरीला गेला तर तो आपलाच हे दाखवण्यासाठी, मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि लेबलावरचा क्रमांक यांची स्वच्छ प्रतिमा एवढाच पुरावा आपल्या हातात राहतो.

मी ४८०० डीपीआय लिहिलेला, वहीसारखा सपाट, छान दिसणारा स्कॅनर घेतला. पहिलाच अंक ठेवला. लेबल जेमतेम वाचता येत होतं आणि खालचं मुखपृष्ठ धुक्यात बुडाल्यासारखं, शिवाय काळवंडलेलं. डीपीआय वाढवला, तर तेच धुकं चौपट मोठ्या फाइलमध्ये मिळालं. विक्रेत्याने काच पुसायला सांगितलं.

मी २६ वर्षं छपाईच्या प्रोसेस विभागात काम केलं आहे. छपाईची प्लेट करताना फिल्म आणि प्लेट व्हॅक्यूम फ्रेममध्ये, म्हणजे हवा काढून घेणाऱ्या चौकटीत, एकमेकींवर दाबून बसवायचो. मध्ये धुळीचा एक कण राहिला तरी तेवढ्या जागेत डॉट, म्हणजे छपाईचा ठिपका, फुगायचा. त्या सवयीने मी केस उचलून कडेने पाहिली, पट्टी लावली. स्कॅनरच्या काचेपासून मुखपृष्ठापर्यंत चार मिलिमीटरच्या आसपास अंतर भरलं. केसची जाड भिंत, आतलं दुसरं पातळ आवरण, आणि केसेस एकमेकींवर नीट बसाव्यात म्हणून कडेला दिलेली उंच कड. खुलासा तिथेच झाला.

स्कॅनर दोन जातीचे असतात. सपाट, हलक्या, बहुतेक वेळा यूएसबीच्याच विजेवर चालणाऱ्या स्कॅनरमध्ये सीआयएस, म्हणजे ‘कॉन्टॅक्ट इमेज सेन्सर’, असतो. तो पानाच्या रुंदीएवढा लांब असतो आणि काचेच्या अगदी खालून सरकतो. त्याच्यावरच्या बारीक भिंगांच्या रांगेला काचेला टेकलेलं तेवढंच स्पष्ट दिसतं. कागद मिलिमीटरभर उचलला की अक्षरं विरघळायला लागतात, आणि दिवाही जवळच असल्याने प्रकाश झपाट्याने कमी होतो. नावातच ‘कॉन्टॅक्ट’ आहे. आमच्या व्हॅक्यूम फ्रेमचाच स्वभाव.

दुसरी जात सीसीडी नावाच्या सेन्सरची. यात आरसे प्रतिमेला घड्या घालत एका भिंगापर्यंत नेतात आणि ते भिंग ती लहान करून एका छोट्या सेन्सरवर टाकतं. हा लांबचा रस्ता असल्यामुळेच फोकसला खोली मिळते: काचेपासून काही मिलिमीटर वर असलेलं चित्रही नीट येतं. आरसे मावायला जागा लागते, म्हणून हे स्कॅनर जाड, जड आणि बहुधा वेगळा अडॅप्टर लागणारे असतात. एप्सनचा परफेक्शन व्ही६०० हे या जातीचं माहीत असलेलं उदाहरण. सीलबंद कॉमिकसाठी याच जातीचा स्कॅनर घ्यावा, त्यात तडजोड करू नये. सुट्या पावत्या आणि पत्रांसाठी सपाट स्कॅनर उत्तम आहे, माझं त्याच्याशी वैर नाही.

माझा खरा राग इथे आहे. सेन्सर कोणत्या जातीचा हे खोक्यावर शोधावं लागतं, आणि फोकसची खोली किती मिलिमीटर, हे तर मी पाहिलेल्या एकाही खोक्यावर नव्हतं. गिऱ्हाइकाला खरोखर उपयोगी पडणारा आकडा छापायचा नाही आणि सॉफ्टवेअरने फुगवलेला डीपीआय ठळक छापायचा, हे बरोबर नाही.

तोवर एक सोपी चाचणी करता येते. बारीक खुणांची पट्टी घ्या. तिचं एक टोक काचेवर टेकवा आणि दुसऱ्या टोकाखाली एक सेंटिमीटर जाडीचं काही ठेवून ती तिरकी करा. झाकण उघडं ठेवून, वर काळं कापड टाकून स्कॅन करा. खुणा कुठपर्यंत सुट्या दिसतात ते पाहिलं की त्या स्कॅनरची खोली कळते. पट्टी ३० सेंटिमीटरची आणि उंची एक सेंटिमीटर असेल, तर दर तीन सेंटिमीटरला पट्टी एक मिलिमीटर वर जाते. माझ्या पहिल्या स्कॅनरवर चौथ्या सेंटिमीटरपुढे नुसता पांढरा पट्टा होता. दुकानात दोन मिनिटांत होणारं काम आहे, आणि करू दिलं नाही तर तिथून घेऊ नये.

दुसरी अडचण मापाची. हल्लीचं अमेरिकन कॉमिक साधारण १६८ बाय २६० मिलिमीटर असतं, ते ए-४ काचेवर आरामात मावतं. पण केस सुमारे २०३ बाय ३३० मिलिमीटरची, आणि ए-४ स्कॅनरची काच २९७ मिलिमीटरच लांब. केसचं एक टोक स्कॅनरच्या चौकटीवर चढतं. चौकट काचेच्या पातळीत असेल तर बिघडत नाही. उंच असेल तर केस तिरकी बसते आणि एका बाजूचा फोकस जातो. काचेवरून चौकटीकडे नख सरकवून पाहा, अडलं की समजावं. लीगल मापाची, म्हणजे ३५६ मिलिमीटर लांब काच असलेला सीसीडी स्कॅनर मिळाला तर हा प्रश्नच मिटतो. नाहीतर दोन स्कॅन घ्यायचे, एक लेबलाकडून आणि एक खालून, आणि नंतर जोडायचे. दोन्ही वेळा सेटिंग हाताने तेच ठेवावं, नाहीतर जोडावर रंग बदलतो.

जुना सीसीडी स्कॅनर घेणाऱ्यांनी दिवा पाहून घ्यावा. जुन्यांत बारीक ट्यूब असते, ती तापायला वेळ घेते आणि वयाने मंदावते. नव्या संगणकावर त्याचा ड्रायव्हर चालतो का, हेही आधी विचारावं. व्ह्यूस्कॅनसारखं स्वतंत्र सॉफ्टवेअर अनेक जुन्या यंत्रांना पुन्हा कामाला लावतं.

डीपीआयचं म्हणाल तर ६०० पुरे. तेवढ्यावर मुखपृष्ठाची प्रतिमा सुमारे २.४ कोटी पिक्सेलची होते. ३०० वर छपाईचे डॉट आणि स्कॅनरची जाळी एकमेकांत अडकून मॉयरे, म्हणजे लाटालाटांची नक्षी, उमटू शकते; म्हणून ६०० वर घेऊन मग लहान करावं. रंग आपोआप सुधारणारी सगळी बटणं मात्र बंद ठेवा. कागदाचा पिवळेपणा ही त्या अंकाची अवस्था आहे. ती पांढरी करून विकायला ठेवणं म्हणजे घेणाऱ्याला फसवणं, मग ते बटण यंत्राने दाबलं असो की आपण.

केसमध्ये तेलकट इंद्रधनुष्यासारखी वलयं दिसली तर स्कॅनरला दोष देऊ नका. दोन गुळगुळीत पृष्ठभाग जवळजवळ टेकले की ही न्यूटन वलयं येतात. फिल्मच्या कामात आम्ही त्यांच्याशी आयुष्यभर झगडलो. वरून दाबू नका, दाबल्याने ती वाढू शकतात.

मोबाइलनेच फोटो का काढत नाही, असं मला अनेकांनी विचारलं. केसवर खिडकी, दिवा आणि काढणाऱ्याचा हात, सगळं उमटतं. स्टँड आणि दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे असतील तर कॅमेरा चांगलं काम करतो. पण चमक मारायला दिव्यांवर आणि भिंगावर दोन्हीकडे पोलरायझर, म्हणजे चमक गाळणारा फिल्टर, लावाल, तर साच्यात ओतलेल्या प्लास्टिकमधले ताण रंगीत पट्ट्यांच्या रूपाने मुखपृष्ठावर येतात. मी एक अख्खी दुपार त्यात घालवली आहे. स्कॅनरचा दिवा तिरका असल्याने त्याची चमक सेन्सरकडे येत नाही. केसवरचे ओरखडे तेवढे उठून दिसतात. म्हणून केस आधी मऊ मायक्रोफायबरने, न दाबता पुसावी. काच पुसायचा फवारा तिच्यावर मारू नये.

आपण त्या लेखाला पुरवणी म्हणून सेन्सरच्या दोन जातींविषयी चार ओळी छापल्यात, तर पुष्कळ वाचकांचे पैसे वाचतील. उत्पादकांना फोकसची खोली छापायला लावायचं असेल, तर आधी गिऱ्हाइकांनी ती विचारायला हवी, आणि ते वर्तमानपत्रच शिकवू शकतं.

आता माझे २७ अंक झाले, चार राहिलेत. जाड स्कॅनरवर पहिला अंक घेतला, तेव्हा मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेली तारीख दिसली. पूर्वी विक्रेते अंक आल्याचा दिवस असा टिपून ठेवत. सपाट स्कॅनरच्या धुक्यात तिथे नुसता करडा डाग होता. भावाच्या वहीत त्या अंकासमोर या तारखेची नोंद आहे, आणि ती आता प्रतिमेत वाचता येते.

आपली नम्र,
एक निवृत्त छपाई तंत्रज्ञ