दाद कुठे मागायची?

लालबाग, मुंबई

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहितो आहे. तू म्हणालास, समाजवादाच्या नादाने गिरण्या बुडाल्या आणि आपल्या वडिलांच्या आयुष्याची वाट लागली; 1991 नंतर बाजार खुला झाला म्हणून गिरणी कामगाराच्या पोराला नाशिकच्या सातपूरला स्वतःचं वर्कशॉप टाकता आलं. यातलं दुसरं मला पूर्ण मान्य आहे. पहिलं मान्य नाही, आणि तू तुझ्या मुलांनाही तेच सांगत असशील तर मला त्याचं वाईट वाटतं.

परमिटच्या राज्याचं समर्थन मी कधीच करणार नाही. चेतक स्कूटर नोंदवून माणसं वर्षानुवर्षं वाट बघत बसायची. गिऱ्हाईक तयार, कारखाना तयार, पण जास्त गाड्या काढायच्या तर दिल्लीची परवानगी हवी. टेलिफोनचं तेच. रॉकेलच्या रांगेत आपल्या आयांचे दिवस गेले. महागाईविरोधात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी लाटणं मोर्चे काढले, तेव्हा चाळीचाळीतून बायका बाहेर पडल्या. ‘गरिबी हटाव’ म्हणत निवडून आलेल्या, समाजवादाचं नाव घेणाऱ्या सरकारच्या विरोधात समाजवादी आणि कम्युनिस्ट बायाच रस्त्यावर होत्या. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. टंचाई होती, पण ओरडता येत होतं.

जिथे ओरडता येत नाही तिथे काय होतं ते रशियात दिसलं. जून 1962 मध्ये मांस आणि लोणी महागलं, आणि नोवोचेरकास्कच्या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात त्याच सुमाराला कामाचे दरही कमी केले. कामगार संपावर गेले, मोर्चा घेऊन शहरात आले. कामगारांच्या म्हणवणाऱ्या राज्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून जास्त माणसं मेली. प्रेतं गुपचूप लांब नेऊन पुरली आणि पंचवीसेक वर्षं देशात कुणाला उघड बोलता आलं नाही. कारखाना सरकारचा, वर्तमानपत्र सरकारचं, युनियन सरकारची, कोर्टही सरकारचंच. मग दाद मागायची कुणाकडे?

आता आपल्या गिरण्यांकडे ये. संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला तेव्हा बहुतेक गिरण्या शेठ लोकांच्याच होत्या. अडीच लाखांच्या आसपास माणूस बाहेर पडला. बोनस हे निमित्त. पगारवाढ हवी होती, गैरहजर माणसाच्या जागी काम मिळणाऱ्या बदली कामगारांना कायम करून हवं होतं, आणि 1946 चा औद्योगिक संबंध कायदा जायला हवा होता. हा कायदा तू विसरतोस. एका धंद्यात एकच मान्यताप्राप्त युनियन, तीच मालकाशी बोलणार. ती मान्यता असलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघावर कामगारांचा विश्वास उरला नव्हता, ते कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले, आणि सामंतांशी बोलायला ना मालक तयार, ना सरकार. साचाखात्यात, म्हणजे मागांवर, आयुष्य काढलेल्या माणसाला आपला प्रतिनिधी निवडायची सोय नव्हती! हा समाजवाद नव्हे रे. आणि ज्या खुल्या बाजाराचं तू कौतुक करतोस, तो तरी इथे कुठे होता?

पुढचं तुला माहीतच आहे. 1983 मध्ये सरकारने तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या. माझे वडील तसल्या एका गिरणीत, तुझे खासगी गिरणीत. दोघांनाही परत घेतलं नाही. सरकारी बाबू आणि शेठचा मॅनेजर, दोघांनी एकच उत्तर दिलं: नंतर या.

मग जमिनीची गोष्ट. दिल्लीत नवं आर्थिक धोरण आलं त्याच 1991 साली मुंबईत नियम झाला की गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. सुमारे 600 एकर जमीन होती. 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. शेडखालची जमीन त्यातून सुटली. 2005 मध्ये जुपिटर, अपोलो, कोहिनूर अशा सरकारी गिरण्यांच्या जमिनी लिलावात गेल्या. म्हणजे सरकारनेही शेठसारखाच धंदा केला. कामगारांच्या घरांच्या सोडतीला 2012 साल उजाडलं; हजारांत घरं आणि लाखाच्या वर अर्ज.

तरीही सगळं सारखंच, असं मी म्हणत नाही. आमची आजी खानावळ चालवायची हे तुला आठवत असेल, तू किती वेळा तिच्याकडे जेवलास. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे सातारकर आणि कोकणातले गडी दोन वेळा येऊन जेवायचे, पैसे पगार झाला की. तोवर वाण्याची उधारी, नाहीतर सावकार. आजीचं मंगळसूत्र महिन्यातले निम्मे दिवस गहाण असायचं. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि खानावळवाल्या बायांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आजी बँकेत गेली ती अंगठा उठवायला. मंगळसूत्र गळ्यातच राहिलं. 1969 ला मोठ्या बँका सरकारच्या झाल्या, त्याआधीच्या बँकेने तिला पायरी तरी चढू दिली असती का?

आणि तुमचं काय झालं ते मी का सांगू? संपानंतर तुम्ही साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात गेलात, तेव्हा तुझ्या आईवडिलांनी रोजगार हमीवर पाझर तलावाची माती वाहिली. वि. स. पागे यांची ती योजना. कायद्याने मागेल त्याला काम द्यायला सरकार बांधलेलं. त्यासाठी 1975 पासून शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला जायचा. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातला पैसा तुमच्या घरात ज्वारी बनून आला. त्या ज्वारीवर तू आयटीआय केलंस. तुझी हुशारी आणि कष्ट यांना मी उणं लेखत नाही, पण खुल्या बाजारात उतरायला तू जिवंत आणि शिकलेला राहिलास तो या जोरावर.

म्हणून मला वाटतं, मालक शेठ की सरकार हा प्रश्न दुय्यम आहे. साध्या माणसाला नाही म्हणता येतं का, आणि नाही म्हटल्यावर त्याच्या घरची चूल पेटती राहते का, ते बघायला हवं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केलं तेव्हा 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. ती शेठने आपणहून दिली नाही, सरकारनेही दिली नाही.

आता एक स्पष्ट विचारतो, रागावू नकोस. तू म्हणालास की नवीन पोरं आता ठेकेदाराकडून घेतोस, कारण कटकट नको. त्यांचा पीएफ कोण भरतो? ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड निघालंय का? प्रेस मशीनवर एखाद्याचं बोट गेलं, आणि तू म्हणालास ठेकेदाराकडे जा, ठेकेदार म्हणाला मालकाकडे जा, तर त्या पोराने दाद कुठे मागायची? याचं उत्तर मला फोनवर नको, लिहून पाठव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अशोक