आभार, नाव न सांगता गेलेल्यांचे

आमच्या चर्चच्या हातघंटा-वृंदातर्फे (हातात धरून वाजवायच्या घंटांवर मिळून चाली वाजवणारा आमचा गट) हे आभार. घंटा ठेवायच्या टेबलांवर अंथरायला फोम देऊन पैसे न घेणारे बडोद्याच्या दांडिया बाजारातले गादीवाले काका, आणि घंटांच्या जड पेट्या जिन्यावरून वर नेणारे दोघे रिक्षावाले भाऊ, तुमचे आधी.

तीन सप्तकांच्या संचात ३७ घंटा असतात आणि प्रत्येक घंटा फक्त तिचा स्वतःचा एकच सूर देते. म्हणजे एक वाजवणारा नसला की चालीत जागोजागी भोकं! ऐन नाताळच्या संध्याकाळी आमची एक मुलगी तापाने आडवी झाली. तेव्हा श्रोत्यांतल्या एक मावशी उठल्या, हातमोजे चढवले (घामाने काशावर डाग पडतात ना) आणि समोरचं नोटेशन वाचत तिच्या दोन्ही घंटा सांभाळल्या. मावशी, नाव विचारेपर्यंत तुम्ही फतेहगंजच्या गर्दीत दिसेनाशा झालात. ईस्टरच्या तालमींना याल का?